तीन बोटांचा डाग

इंदोरा, नागपूर
१० मार्च २०२४

प्रिय नंदिनी,

जयभीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोन हातात असताना पत्र कशाला, असं तुझ्या बाबांनीही विचारलं. त्यांना म्हटलं, फोनवर आम्हा सासू-सुनेची गाडी 'जेवलीस का' आणि 'तिकडे ऊन आहे का' याच्या पुढे जातच नाही. मग तू गप्प होतेस, मी गप्प होते, आणि शेवटी दोघी नाकं ओढत फोन ठेवतो. प्रशिकला जाऊन अडीच वर्षं झाली, असंच चाललंय. बत्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पोरांकडून पत्रलेखन करून घेतलं, ते कधीतरी कामी यावं.

उन्हाळ्याआधी कपाटं आवरत होते. सगळ्यात वरच्या खणात तुझी लग्नाची पांढरी साडी सापडली. सापडली म्हणते, पण ती कुठे आहे हे मला रोज माहीत असतं. इचलकरंजीच्या नोकरीवर रुजू व्हायला निघालीस त्या दिवशी तू तीन बॅगा भरल्यास, प्रशिकचं घड्याळ घेतलंस, त्याचा चष्मा घेतलास, आणि साडी पलंगावर राहिली. मला वाटलं विसरलीस. मी ती दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवली आणि कसर लागू नये म्हणून तुझ्या माहेरच्या भिवापुरी मिरच्यांची पुरचुंडी वर टाकली. डाळीत मिरच्या टाकल्या की कीड लागत नाही, मग साडीला कशी लागेल, असं माझं डोकं चाललं. परवा पिशवी उघडली आणि मला लागोपाठ सात शिंका आल्या. बाबा पुढच्या खोलीतून म्हणाले, "काय वं, साडी काढून राहिली का फोडणी देऊन राहिली?"

हसून झालं. आता खरं सांगते. साडी पिवळी पडायला लागली आहे, घडीच्या रेषांवर जास्त. पदरावरचा डाग मात्र आहे तसाच आहे, तीन बोटांचा. तुला आठवत असेलच. लग्नाच्या पंगतीत प्रशिकनं वांग्याच्या भाजीचा हात तुझ्या पदराला पुसला होता. तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं, की इंजिनिअर झालास आणि हात कुठे पुसावा एवढी अक्कल नाही. आता मी त्या डागावर माझी तीन बोटं ठेवून बघते. माझी पुरत नाहीत, त्याची लांब होती.

शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या, "ड्रायक्लीनले टाका नं, नवी होऊन येईन." त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

तू बुटीबोरीच्या कारखान्यात होतीस तेव्हापासून कापडाच्या लॅबमधली. तर सांग, ही साडी घरच्या घरी कशी सांभाळायची, म्हणजे माझ्यानंतरही टिकेल. पिवळेपणा जायला हवा आणि डाग राहायला हवा. आणि मे महिन्यात सुट्टी काढून ये, घेऊन जा. तुझी वस्तू तुझ्याकडे असलेली बरी.

तुझी नागपूरची आई,
सिंधू

*

इचलकरंजी
२४ मार्च २०२४

आई,

जयभीम. तुमचं पत्र मिलच्या पत्त्यावर आलं. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून वाचलं. मिरचीपाशी इतकी हसले की वरून दोघीजणी बघायला आल्या. पुढचं वाचताना मात्र बरं झालं त्या निघून गेल्या होत्या.

सगळ्यात आधी मिरच्या काढा. त्यांचं तेल कापडात उतरतं. प्लास्टिकची पिशवी तर आजच फेका. तिच्यात कापड कोंडतं, म्हणूनच पिवळं पडलंय. डांबरगोळ्याही टाकल्या असतील. तुम्ही लिहिलं नाही, पण मी तुम्हाला ओळखते. त्यांनी काठाची जर काळी पडते. दोन मीटर मलमल आणा आणि ती दोन-तीनदा साध्या पाण्यात धुवा, तिची खळ पूर्ण जायला हवी, कारण खळीला किडे येतात. आणि आई, हात जोडते, नीळ घालू नका. साडी त्या मलमलीत गुंडाळायची. टांगायची नाही, काठाच्या वजनानं रेशीम फाटतं. घडी घालताना मधे मऊ सुती कापडाच्या गुंडाळ्या ठेवा, म्हणजे रेघ बसणार नाही. दर तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला. तुमचं लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे, मे महिन्यात तव्यासारखं तापतं. त्यापेक्षा पलंगाखालची लाकडी पेटी चांगली.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. ठेवण्याआधी साडी धुवावी लागते आणि डाग काढावा लागतो. भाजीचं तेल इतक्या वर्षांनंतरही कापडात आपलं काम करत असतं. डाग आधी तपकिरी होईल, मग त्या जागचं रेशीम विरेल. डाग जपला तर पदर जाईल. आम्ही लॅबमध्ये हे नेहमी बघतो.

मे महिन्यात येणं जमणार नाही, ऑडिट आहे. शिवाय माझी खोली ओलसर आहे. साडी तुमच्याकडेच असू दे.

बाबांना जयभीम.

तुमची,
नंदिनी

*

(त्याच दिवशी लिहिलेलं. पाठवलं नाही.)

आई,

आत्ता पाकिटात घातलेल्या पत्रात दोन गोष्टी खोट्या आहेत. माझी खोली ओलसर नाही आणि मे महिन्यात ऑडिट नाही.

मे महिन्यात सौरवचे आईवडील भिवापूरला माझ्या घरी येणार आहेत. सौरव आमच्या मिलमध्ये विणकाम खात्यात आहे. वर्षभराची ओळख आहे. डिसेंबरात लग्न करू म्हणतो, आणि मलाही करायचं आहे. हे शेवटचं वाक्य लिहायला मला चार कागद लागले.

तुम्ही नको म्हणालात तर मी करणार नाही, असं लिहिलं तर ती तिसरी खोटी गोष्ट होईल. मी करीन. पण मग मला नागपूर राहणार नाही. प्रशिक गेल्यावर वर्षभर तुम्ही मला शेजारी घेऊन झोपलात. मी उठत नव्हते तर माझे केस विंचरलेत. या नोकरीचा अर्जसुद्धा तुम्ही भरलात, मी नुसती सही केली. तुमचं नाव टाकून देऊन मला नव्या घरात जायचं नाही. तुम्ही हव्या आहात आणि सौरवही हवा आहे, हे एका माणसाला मागता येतं का, मला कळत नाही.

हे पाठवायची हिंमत नाही. साडीचंच पाठवते.

*

इंदोरा, नागपूर
१७ एप्रिल २०२४

प्रिय नंदिनी,

जयभीम. जयंतीची धामधूम आटोपली, पाय सुजले आहेत, म्हणून पाय वर घेऊन लिहिते.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. मलमल तीनदा धुतली. नीळ घातली नाही, हात शिवशिवत होते तरी. डांबरगोळ्या होत्या, सहा. लाकडी पेटी बाबांनी पुसून दोन दिवस उन्हात ठेवली आणि कुरकुरत राहिले, "सुनेच्या साडीले पेटी, अन् माह्या स्वेटरले पोतं!" गुंडाळ्यांसाठी त्यांचंच जुनं धोतर फाडलं, ते अजून त्यांना सांगितलेलं नाही.

धुवायचं मात्र माझ्याच्यानं होणार नाही. पदर विरायचा तर विरू दे. मी आहे तोवर डाग राहील.

आणि तू साडी न्यायला का कचरतेस तेही माझ्या लक्षात आलं. खोली ओलसर आहे म्हणे! साडी डोळ्यांसमोर आली की तुला प्रशिक दिसणार, आणि तू परगावात एकटी. मी मास्तरीण आहे बाई, न लिहिलेलंही वाचता येतं मला. परवा विहारात वंदना झाल्यावर एकीनं विचारलं, "तुमची सून करून राहिली का दुसरं लग्न? तरुण हाय नं अजून." मी तिला ताडकन सांगितलं, "माही नंदिनी तशी नाही." खरं सांगते, त्या वेळी मला तुझा फार अभिमान वाटला.

या आठवड्यात कुरड्या घालते आहे. वाळल्या की पाठवते.

तुझी आई,
सिंधू

*

इचलकरंजी
९ जून २०२४

आई,

जयभीम. कुरड्या मिळाल्या. एकही मोडली नव्हती. सध्या काम फार आहे म्हणून थोडक्यात लिहिते. साडीची घडी जुलैमध्ये बदला.

तुमची,
नंदिनी

*

इंदोरा, नागपूर
२१ जुलै २०२४

नंदिनी,

जयभीम.

मंगळवारी तुझी आई आली होती. इंदुताईंना नागपूरला डोळे तपासायचे होते, म्हणून वाट वाकडी करून आमच्याकडे आल्या. मी नेमकी तेव्हा साडीची घडी बदलत होते. साडी पलंगावर पसरलेली. त्यांनी ती दारातूनच बघितली आणि तिथंच थबकल्या. मी म्हटलं, या नं आत. त्या म्हणाल्या, "ते आधी झाकून ठेवा. पोरीले पांढऱ्यात उभी केली, तवाच माह्या मनात पाल चुकचुकली होती." माझ्या तोंडून काही निघायच्या आत पुढे म्हणाल्या, "या बारीले मी तिले हिरवाच शालू नेसवीन."

आणि मग त्यांनीच तोंडावर हात ठेवला.

चहा तसाच राहिला. बाबा त्यांना ऑटोपर्यंत सोडून आले.

या बारीले. गेले चार दिवस हे दोन शब्द माझ्यासोबत उठतात आणि माझ्यासोबत जेवायला बसतात. विहारातल्या त्या बाईला मी काय सांगितलं ते मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. तू ते वाचलंस आणि मला कुरड्यांची पोच दिलीस. तुझ्या त्या चार ओळींच्या पत्राचा अर्थ मला आता लागला.

मला दोन प्रश्नांची उत्तरं तुझ्या हातची हवी आहेत. तुझं लग्न ठरलं आहे का? आणि पांढऱ्या साडीबद्दल तुझ्या आईचं जे म्हणणं आहे, तेच तुझंही आहे का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर मी रडेन, आणि मग जेवेन. दुसऱ्याचं उत्तर हो असेल तर मला फार लागेल. तरी खरं लिही.

सिंधू

*

इचलकरंजी
२८ जुलै २०२४

आई,

जयभीम.

दोन्हीचं उत्तर हो आहे. दुसरं आता नाही, पण होतं.

मार्चमध्ये तुम्हाला लिहिलेलं आणि न पाठवलेलं एक पत्र सोबत जोडलं आहे. सौरवबद्दल त्यात आहे. मे महिन्यात त्याचे आईवडील येऊन गेले, डिसेंबरात भिवापूरला लग्न करायचं ठरलं. मीच आईला बजावलं होतं की नागपूरला मी सांगेन, तू सांगायचं नाहीस. मग एप्रिलचं तुमचं पत्र आलं, माझी नंदिनी तशी नाही म्हणणारं, आणि माझं तोंड बंद झालं. तुम्ही माझ्यासाठी कुणाशी तरी भांडलात आणि मी नेमकी तशीच निघाले.

आता साडीचं. प्रशिक पाच दिवसांच्या तापानं गेला. डेंग्यू होता, कागदावर लिहिलेलं आहे, मी कितीदा तरी वाचलं आहे. त्याच आठवड्यात माझी आई आली, माझ्या गळ्यात पडली आणि रडत म्हणाली, "म्हणत होती नं मी, नवरीच्या आंगावर पांढरं नोको." ती मुद्दाम नव्हती बोलली. पण ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं. मी दिवसभर पांढऱ्या कापडावर काम करणारी बाई, आई. कापड किती पांढरं आहे ते मी मशीनवर मोजते आणि वहीत आकडा लिहिते. आणि घरी तुमच्या कपाटासमोरून जाताना मी अंग चोरून जायचे. मी त्या साडीत उभी राहिले म्हणून तो गेला, असं मला खरंच वाटायचं.

हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार होते? तुम्ही पांढऱ्यात लग्न केलेल्या, तुमची आईही. तुमच्या घरात बसून, तुमच्या हातचं जेवून मी तुमच्या पांढऱ्याला मनातल्या मनात अपशकुनी म्हणत होते. साडी विसरले नव्हते, मुद्दाम ठेवली. भीती वाटत होती आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

ती भीती तुमच्या पहिल्या पत्रानं गेली. तुम्ही लिहिलंत, प्रशिकनं पदराला हात पुसला. त्यानं हात पुसला नव्हता, आई. पंगतीत माझी आई वाढायला आली ती डोळे पुसतच. त्यानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही जावईबापू. पोरगी अशी पांढरीफट्ट, पाहवत नाही." त्यानं वांग्याच्या भाजीच्या रश्शात तीन बोटं बुडवली, माझ्या पदरावर ओढली आणि म्हणाला, "घ्या आई, आता कुठी पांढरी राहिली? झाली का नाही रंगीत?" माझी आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. तुम्ही पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होतात. तुम्हाला नुसता डाग दिसला आणि तुम्ही त्याला झापलंत. मी सांगायला गेले तर त्यानं माझा हात दाबला. म्हणाला, "बोलू दे तिले. पांढऱ्यावरून रडून राहिल्या हे समजलं तर दोघी विहिणी पंगतीतच सुरू होतीन."

हे मी पूर्ण विसरले होते. मला त्याचं नुसतं आजारपण आठवायचं. तुमचं पत्र जिन्यात वाचलं आणि मला त्याचा आवाज आला, जसाच्या तसा. मग मी तिथंच खूप रडले, पण घाबरून नाही.

डाग काढायचा की नाही ते तुम्ही ठरवा, आता मी काही सांगणार नाही. काढलाच तर एवढं ध्यानात ठेवा, साबण लागला की हळद लाल होते. घाबरू नका. स्वच्छ पाण्यात लिंबाचे चार थेंब टाका, त्यातून काढली की पुन्हा पिवळी होते. मग तेवढाच पदर सकाळच्या कोवळ्या उन्हात धरा. हळद उन्हापुढे टिकत नाही.

तुम्ही लग्नाला या असं म्हणायचा मला हक्क नाही. तरी म्हणते. या.

तुमची,
नंदिनी

*

इचलकरंजी
८ सप्टेंबर २०२४

आई,

माझं पत्र मिळालं ना? फोन करायला घेते आणि ठेवून देते. रागवा, पण लिहा. वाट बघते आहे.

नंदिनी

*

इंदोरा, नागपूर
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय नंदिनी,

जयभीम.

पत्र मिळालं होतं. दोन महिने लिहिलं नाही, कारण रागावले होते. तुझ्यावर थोडी, इंदुताईंवर बरीच आणि प्रशिकवर सगळ्यात जास्त. मी इतकी वर्षं समजत होते की माझ्या पोराला हात पुसायची अक्कल नाही, आणि हा गडी दोन विहिणींचं भांडण टाळून, चारचौघांत माझी बोलणी खाऊन वर हसत होता. नंतरही कधी सांगितलं नाही. आता मी जाब कोणाला विचारू? म्हणून रोज भाजी चिरताना त्याच्याशी भांडत होते. काय काय बोलले त्याला! फार बरं वाटलं गं. तो गेल्यापासून नुसती रडत होते, भांडले नव्हते.

तुझ्या दुसऱ्या 'हो'नं मला लागलं. ते लपवत नाही. आमच्यात छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतरच्या नवऱ्या पांढऱ्यातच उभ्या राहिल्या. माझी आई उभी राहिली आणि त्यानंतर एकावन्न वर्षं माझ्या वडिलांशी वाद घालत नांदली. ते पांढरं आमच्या अंगावर कसं आलं, त्यासाठी माझ्या आजीनं काय काय सोसलं, हे तुला मी समोर बसवून कधी सांगितलंच नाही. सून शिकलेली आहे, तिला माहीत असेल असं धरून चालले. ती माझी चूक. ये कधी तरी सवडीनं, सगळं सांगते.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. आठवडाभरानं मी ओट्यापाशी डोळे पुसत उभी होते तर मागून म्हणाले, "पोरगी आपली आहे म्हणतं, तर पोरीच्या लग्नाले काहून रडून राहिली वं?" मी अन् गप्प! त्यांनाच काळजी वाटली, पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी विहारात गेले आणि त्या बाईला गाठलं. म्हटलं, मागं तुम्हाला सांगितलं ते चुकीचं होतं, माझी नंदिनी लग्न करते आहे. ती म्हणाली, "तुमाले चालते का?" मी म्हटलं, "चालते म्हंजे? मी चालली नं लग्नाले." हे मी तिच्यासमोर बोलले तेव्हा मला स्वतःलाही पहिल्यांदाच कळलं.

गेल्या रविवारी चांगलं ऊन पडलं होतं. पेटी उघडली, कुसुमताईंना हाक मारली आणि परातीत पदर भिजवला. साबण लागला मात्र, डाग लालभडक झाला. कुसुमताई किंचाळल्या, "हाय बाप्पा, जळली!" तू लिहिलेलं होतं तरी मीही लिंबू शोधत घरभर धावले. लिंबाच्या पाण्यातून काढला तेव्हा पिवळा झाला आणि आम्ही दोघी खाली बसलो. मग गच्चीवर अर्धा तास पदर उन्हाला धरून उभी राहिले. दोन बोटं गेली. तिसऱ्याचं टोक तेवढं राहिलं आहे, सांगितल्याशिवाय कोणाला दिसणार नाही. कुसुमताई म्हणाल्या, अजून एकदा भिजवू. मी म्हटलं, राहू द्या.

साडी आता मी ठेवते. तू मागितलीस तरी मिळणार नाही. तू विसरलेली वस्तू म्हणून इतके दिवस ठेवली होती, आता माझ्या पोराच्या लग्नाची साडी म्हणून ठेवते. घडी बदलायची आठवण मला करत जा, पण ओझं तू घेऊ नको. आणि डिसेंबरात माझं मन राखायला पांढरं नेसू नको, आईचं मन राखायला हिरवं नेसू नको. तुला शोभेल ते नेस. सौरवला सांग, सासू कडक आहे.

बुधवारी आम्ही दोघं भिवापूरला जाऊन आलो. तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. इंदुताईंनी दार उघडलं आणि रडायलाच लागल्या. मी म्हटलं, "रडू मंग सावकाश, आधी आत तर घ्या." त्यांना पंगतीतली ती गोष्ट नीट आठवत होती. म्हणाल्या, "बहुत हसवलं होतं त्यानं मले. अन् मीच पोरीले तसं बोलून बसली." मग त्या माझा हात सोडेनात. मला त्यांच्याशी भांडायचं होतं, वाटेत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही बोलले नाही.

जेवणं झाल्यावर तुझ्या वडिलांनी लग्नपत्रिकेचा कच्चा कागद दाखवला. खाली निमंत्रकांची नावं आहेत, तुझे काका, मामा, आत्या, चुलत आजोबा. मी माझं पेन काढलं आणि त्या यादीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, आयु. नागसेन रामटेके व आयुनि. सिंधू रामटेके, नागपूर. तुझे वडील गडबडले. नवऱ्या मुलीच्या पहिल्या सासू-सासऱ्यांचं नाव पत्रिकेवर त्यांनी कधी बघितलं नव्हतं, मीही नाही. डोकं खाजवत म्हणाले, "विहीणबाई, लिहून घेतो, पण छापखान्यावाला इचारन नं. हे दोघं कोण म्हणून सांगू? नातं काय लिहू?"

मी म्हटलं, "नातं लिहूच नका. फक्त बाजू चुकवू नका. मागच्या लग्नात आम्ही पोराकडून होतो, आता पोरीकडून आहोत."

सिंधू